अभंगाखाली बीट टाकला की झालं? (जुन्या-नव्याचे जमलेले आणि फसलेले अल्बम)

मंद्रसप्तक | शनिवार, रात्री ११.२०

परवा पुण्याहून कोल्हापूरला जाताना गाडीतल्या गाण्यांचा ताबा लेकीकडे होता. कराड मागे पडलं आणि एक अभंग सुरू झाला. आधी तंबोऱ्यासारखं काहीतरी, मग गिटार, मग अचानक खालून धब-धब-धब-धब. लेक मान डोलावतेय, मी स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरायला बघतोय आणि बोटं दर वेळी भलत्याच जागी पडतायत. गावच्या भजनात सात-आठ वर्षं पखवाजाशेजारी बसून टाळ कुटलेत, त्यामुळे भजनी ठेका अंगात मुरलेला आहे. आठ मात्रांचा, मोजायला सोपा, पण त्याचं वजन सरळ नसतं. थाप जिथे यावी असं वाटतं त्याच्या केसभर पुढे-मागे येते आणि त्या केसभरात सगळी मजा असते. हे खालचं धब-धब मात्र टेप लावून मोजलेलं. आठ मात्रा भरत होत्या, पण अभंग चालत नव्हता, त्याला मागून ढकलत नेत होते.

मी तोंड वाकडं केलं असणार. लेक म्हणाली, "बाबा, तुला नवीन काही आवडतच नाही."

हा आरोप खोटा आहे. पुरावा म्हणून घरी आल्यावर 'शक्ती' हा अल्बम लावला. ५ जुलै १९७५ला अमेरिकेत लाँग आयलंडच्या साउदॅम्प्टन कॉलेजात झालेली मैफल, रेकॉर्ड १९७६ला आली. जॉन मॅकलॉफ्लिन हा इंग्रज गिटारवाला, त्याच्या भोवती एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम, आर. राघवन यांचा मृदंगम आणि तबल्यावर तेव्हा जेमतेम चोविशीतला झाकीर हुसेन. सुरुवातीचा तुकडा अठरा मिनिटांचा आहे आणि त्यात श्वास घ्यायला जागा नाही. पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच. मॅकलॉफ्लिनने या वादकांबरोबर बसण्यासाठी गिटारच बदलून घेतली. पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट करवलं, म्हणजे तार दाबून वीणेसारखी गमक, सुराची आंदोलनं, काढता येतील. वर सात तरफा, म्हणजे आपोआप घुमणाऱ्या तारा, तिरप्या बसवल्या, सतारीला असतात तशा. त्याला आपलं वाद्य घेऊन नुसतं येऊन बसता आलं असतं, जसा हल्ली कीबोर्डवाला येऊन बसतो. पण तो आधी वाकला, मग वाजवायला बसला.

तेव्हापासून माझी चाचणी एकच: कोण वाकलं? गाडीतल्या त्या गाण्यात फक्त अभंग वाकला होता.

तर मंडळी, तुमच्याकडचे अल्बम काढा. परंपरा आणि नवा आवाज एकत्र शिजलेले, किंवा नुसती वरून फोडणी घातलेले. सिनेमातली सुटी गाणी शक्यतो नकोत, नाहीतर धागा 'सैराट'वर जाऊन अडकेल.

---

पुणेरी_पाटी | शनिवार, रात्री ११.५२

मुलगी अभंग ऐकत होती, हे विसरलात. तुमच्या भजनात तिच्या वयाची किती मुलं बसतात?

(हलकं घ्या. पण उत्तर द्या.)

---

मंद्रसप्तक | रविवार, सकाळी ७.०५

@पुणेरी_पाटी, दोन. एक पखवाजवाल्यांचा नातू, दुसरा त्याला न्यायला आलेला मित्र.

भावना पोचल्या. तरी माझी बोटं चुकत होती हेही खरंच.

---

बासवाला | रविवार, सकाळी ९.४०

मी त्या 'धब-धब'वाल्या जमातीतला आहे, त्यामुळे शिव्या खायला हजर. कॉलेजपासून बँडमध्ये बास गिटार वाजवतो आणि आम्ही अभंगच वाजवतो.

काका म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, पण असं का होतं हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. त्याचं कारण क्लिक. स्टुडिओत प्रत्येकाच्या कानात मेट्रोनोम वाजत असतो. आज ड्रम्स, पुढच्या आठवड्यात बास, गायक त्यानंतर वेळ मिळेल तेव्हा, तबला तिसऱ्याच शहरातून फाईल होऊन येतो. हे सगळं एकमेकांवर बसायचं तर प्रत्येकाला एकच घड्याळ लागतं. आणि वारकरी भजनाला घड्याळ चालत नाही. ते संथ सुरू होतं, मग टाळकरी तापतात, लय आपोआप चढते, शेवटच्या गजरात दुप्पट झालेली असते. ही चढण म्हणजेच रचना आहे. क्लिकवर ती सपाट होते. मग सपाट झालेलं गाणं चढवायला काय करतात? आवाज वाढवतात. गिटार डिस्टॉर्शनवर टाकतात. लय चढत नाही म्हणून गोंगाट चढवतात.

यावर उपाय आहे, प्रत्येक भागाला वेगळी लय आखून देता येते. पण ती आखणीही आधीच ठरलेली. टाळकऱ्याचं तापणं तुम्ही आधी कसं ठरवणार?

आणि हो, आमच्याकडून अभंग ऐकून गाथा विकत घेतलेली माणसं मला भेटली आहेत. त्यामुळे पुणेरी_पाटी यांनाही +१. मी दोन्हीकडे आहे.

---

शीळ | रविवार, सकाळी ११.१५

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

कोण वाकलं याचं माझं उदाहरण 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरव-नटभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, मध्ये पिलू, भूप आणि देस. आज ती रेकॉर्ड इतक्या हॉटेलांच्या लॉबीत वाजते की ती कधीकाळी धाडस होती हे कोणाला खरं वाटणार नाही. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं वाद्य. त्यावर काठ्या मारायच्या, मग मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठून काढणार, हा तेव्हाच्या जाणकारांचा आक्षेप होता आणि तो रास्तच होता. शिवजींनी तारांची मांडणी बदलली, वाद्य मांडीवर घेतलं, काठी तारेवरून घसरवत नाद लांबवला. काबरा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांनी हवाईयन गिटारवर पट्टी सरकवून तेच मींडेचं कोडं दुसऱ्या बाजूने सोडवलं. म्हणजे रेकॉर्डवरची दोन वाद्यं रागासाठी वाकलेली आहेत, राग कोणासाठी वाकलेला नाही.

आता आपल्या अभिमानाचा भाग. ही रेकॉर्ड काढणारा एचएमव्हीतला माणूस म्हणजे जी. एन. जोशी. हो, तेच! ना. घ. देशपांड्यांच्या 'रानारानांत गेली बाई शीळ'ला ज्यांनी आवाज दिला ते. मराठी भावगीताच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांतली ती एक. माझा आयडी तिथूनच घेतलाय. एका बाजूला भावगीत, दुसऱ्या बाजूला जगभर गेलेली ही रेकॉर्ड, आणि मधोमध एक मराठी माणूस, ज्याचं नाव लॉबीत बसलेल्या कोणालाच ठाऊक नाही.

---

रोखठोक | रविवार, दुपारी १२.०२

फ्युजन म्हणजे ज्यांना धड शास्त्रीय येत नाही आणि धड रॉकही येत नाही त्यांची सोय. विषय संपला.

---

पुणेरी_पाटी | रविवार, दुपारी १२.०४

झाकीर हुसेनना धड काय येत नव्हतं ते जरा कळवा.

---

रेवाकाठी | रविवार, दुपारी ३.३०

एरवी फक्त वाचते, आज लिहिते.

मी मूळची धुळ्याकडची. नोकरीची सुरुवातीची वर्षं धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला काढली. नर्मदा महाराष्ट्रात वाहते म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं बघत राहतात. वाहते, नंदुरबारच्या उत्तर टोकाला, पन्नासेक किलोमीटर. काठावरचं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्यात सर्वांत आधी गेलेल्या गावांपैकी.

'इंडियन ओशन' या बँडचा 'कंदिसा' २०००मध्ये आला तेव्हा मी तिथेच होते. सात गाणी. सगळे शीर्षकगीताबद्दल बोलतात, जी केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. बोलावंच असं गाणं आहे ते. शब्द एकही कळत नाही आणि तरी कोणीतरी कोणापुढे गुडघे टेकलेत एवढं नक्की कळतं. 'हिल्ले ले' गोरख पांडेंच्या भोजपुरी कवितेवर. पण माझा जीव 'मा रेवा'त. नर्मदेचं जुनं लोकगीत, निमाडच्या बोलीतलं. बँडचा बासवाला राहुल राम (हे अमेरिकेतून विषशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले गृहस्थ) नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षं खोऱ्यात होता आणि गाणं तिथून त्याच्याबरोबर दिल्लीला गेलं.

आता मंद्रसप्तक यांच्या चाचणीबद्दल. त्या गाण्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही. साधी गिटार, बास, ड्रम, तबला. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गातात. ज्याचा हात ठेका धरतो त्याचाच गळा गातोय, त्यामुळे गळा जिथे रेंगाळतो तिथे तबला आपोआप थांबून घेतो. पलीकडे अमित किलमचे ड्रम आहेत, पण ते तबल्यावर चढत नाहीत. बासवाला यांनी क्लिकबद्दल लिहिलं ते वाचताना हेच डोक्यात आलं. इथे घड्याळ गाणाऱ्याच्या पोटात आहे.

आमच्या पाड्यावर एका कार्यकर्त्याने हे टेपवर लावलं. आसपास पावरी आणि भिलोरी बोलणारी माणसं, निमाडी त्यांचीही नव्हे. एक म्हातारी ऐकत बसली. गाणं संपल्यावर तिने विचारलं, नदीचं गाणं आहे ना, मग पाण्याचा आवाज का नाही? मी हसले. नंतर दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना. तोवर खालच्या गावांजवळ नदीचा आवाज थांबला होता. धरणाच्या फुगवट्यात पाणी नुसतं उभं असतं.

असीमदा २००९ला गेले. त्यांच्यानंतरचं 'मा रेवा' मी ऐकलेलं आहे, चांगलं वाजवतात. पण मी जुनंच लावते.

---

शीळ | रविवार, दुपारी ३.५१

रेवाकाठी, फक्त वाचत जाऊ नका.

---

घुमटकार | रविवार, सायंकाळी ५.१०

गोंयकार आलो. कोण वाकलं हा प्रश्न आमच्याकडे कठीण, कारण आमच्याकडे वाकणं इतकं जुनं आहे की सरळ काय होतं ते कोणाला आठवत नाही.

मांडो हा गाण्याचा प्रकार घ्या. एकोणिसाव्या शतकात सासष्टीत, कुडतरी-लोटलीच्या ख्रिस्ती घरांत रुजला. शब्द कोंकणी, सुरांच्या जोड्या युरोपी, हातात व्हायोलिन आणि ठेक्याला घुमट. म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं आपलं वाद्य, जे शिगम्यातही वाजतं आणि गणपतीच्या आरतीतही. मांडो संथ, त्यानंतरचं दुलपद चपळ. तेव्हाच्या कोणा मंद्रसप्तकाने हे ऐकून तोंड वाकडं केलं असेलच! आज तोच आमचा वारसा.

आणि वाद्यच घ्या. घुमटाला पिढ्यान्‌पिढ्या घोरपडीचं कातडं लागायचं. १९७२चा वन्यजीव कायदा आला, घोरपड मारणं गुन्हा झालं आणि घुमटाला बकऱ्याचं कातडं चढलं. जाणती माणसं अजूनही आवाजातला फरक सांगतात. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, ते हे बकऱ्याचं घुमट. तुमच्या चाचणीत इथे कायद्यासमोर वाद्य वाकलं. आता काय गुण देता बघा.

अल्बम म्हणाल तर रेमो फर्नांडिस. १९८४चा 'गोअन क्रेझी' आणि लगेच १९८५ला 'ओल्ड गोअन गोल्ड', त्यात जुनी कोंकणी गाणी. शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर रेकॉर्डिंग, कव्हरचं चित्र स्वतःच काढलेलं आणि कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी फिरलेला माणूस. माझ्या मामाने एक त्याच्याकडूनच घेतली असं मामा सांगतो. मामा बरंच काही सांगतो.

अवांतर: माजोर्ड्याचे आंतोनियो, म्हणजे अँथनी गोन्साल्विस, यांनी १९५८ला मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात रागांवर रचलेलं संगीत पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं, गायला लता आणि मन्ना डे. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालचे गुरू. सिनेमातल्या त्या प्रसिद्ध 'अँथनी गोन्साल्विस'चं नाव कोणाचं हे विचारलं तर दहातले नऊ जण अमिताभ म्हणतील.

---

निळी_पहाट | रविवार, रात्री ८.४५

चांगला धागा, पण एक गोष्ट खटकते म्हणून लिहितो.

शहरातल्या पोरांनी अभंगाला बास लावला की ते फ्युजन. काश्मीरच्या वाद्यावर राग वाजला की तो प्रयोग. आणि आमच्या वस्तीत एप्रिलमध्ये कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि बेंजोवर भीमगीत वाजलं की तो 'ऑर्केस्ट्रा', किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात 'गोंगाट'. आंबेडकरी जलशाची, म्हणजे चळवळीतल्या गाण्याच्या कार्यक्रमांची, परंपरा बाबासाहेबांच्या हयातीतली. डफ-तुणतुण्यापासून ऑक्टोपॅडपर्यंत ती स्वतःच्या पायांनी चालत आली, कोणा कंपनीच्या प्रोजेक्टमुळे नाही. त्या कॅसेटींवर 'जुन्या-नव्याचा संगम' असं कोणी छापलं नाही, म्हणून ही गाणी यादीत येत नाहीत का?

आणि बेंजो. मिरवणुकीतला, बटणं दाबून तारा छेडायचा तो. त्याचं मूळ जपानी आहे. १९१२मध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी टायपरायटरसारखी बटणं बसवून एक तंतुवाद्य काढलं, तेच आपल्याकडे बुलबुलतरंग झालं. मग कोकणात आणि मुंबईत त्याला पिकअप लावून कर्ण्यांना जोडलं. आज बेंजोशिवाय हळद होत नाही. ज्यांनी हे केलं त्यांची नावं कोणत्याही कव्हरवर नाहीत.

---

मंद्रसप्तक | रविवार, रात्री ९.२०

निळी_पहाट, हे मला सुचायला हवं होतं. माझ्या यादीत फक्त कव्हरवर नाव छापलेली माणसं होती.

आणि एक कबुली. ज्या पेटीच्या साथीने मी भजन शिकलो तीही बाहेरचीच. तिच्यात श्रुती सापडत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४०ला तिला जी दारं बंद केली ती १९७१ला उघडली. मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्राने पेटी सोडली का? उलट गोविंदराव पटवर्धनांसारखी माणसं तिच्यातून गाणं काढत होती. म्हणजे 'हे आपलं नाही' म्हणणाऱ्यांत मी आज जिथे बसलोय तिथे तेव्हा रेडिओवाले बसले होते.

तरीही! पेटीवाल्याने गायकाच्या मागे जायला शिकून घेतलं. घड्याळाला कोण शिकवणार?

---

वेसावकरीण | रविवार, रात्री १०.१५

कोळीगीतांचा कोणीच विषय काढला नाही म्हणून मीच काढते.

'मी डोलकर' आणि त्याच्या बरोबरची गाणी. हृदयनाथांची चाल, शब्द शांताबाई शेळक्यांचे, गायला लताबाई आणि हेमंतकुमार. म्हणजे एक मंगेशीच्या मुळाचा, एक मंचरच्या बाजूची, एक बंगाली, आणि कोळी त्यात कोणीच नाही. शब्द जुने नाहीत, लोकगीतही नाही. पण आमच्या वेसाव्यात (वर्सोव्यात) हळदीला ते वाजतं आणि म्हाताऱ्या उठून नाचतात. माझी आजी म्हणायची, "ये गानं आमचं नाय. पन नाचाला बरं हाय, मंजे आमचंच." झालं. तिची चाचणी पाय.

नंतर आमच्याच गावातून 'वेसावकर आणि मंडळी'च्या कॅसेटी निघाल्या. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, सगळं दणक्यात. शिकलेल्या लोकांना ते हलकं वाटतं. मला वाटतं, हृदयनाथांनी समुद्र लांबून बघितला आणि सुंदर काढला; मंडळींनी होडीत बसून काढला, त्यात थोडा मासळीचा वास आहे. मला दोन्ही लागतात, पण हळदीला दुसरंच लागतं.

मंद्रसप्तक, मंडळींच्या ठेक्यावर तुमची बोटं चुकणार नाहीत, पैज.

---

जर्सीकर | सोमवार, पहाटे ५.३० (इकडे रविवार संध्याकाळ)

बाय द वे, इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी अजय-अतुलचा 'विश्वविनायक' लागतो. शंकर महादेवन आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम, जुने श्लोक आणि मागे भलामोठा वाद्यवृंद. माझ्या मुलाला संस्कृतातलं जेवढं येतं ते सगळं त्यातून आलेलं आहे. तो ते बेसबॉल खेळताना गुणगुणतो, बाप्पाने समजून घ्यावं.

पण मला सुचवायचाय तो वेगळाच. त्रिलोक गुर्टूचा 'उसफ्रेत', १९८८, जर्मन कंपनीने काढलेला. त्रिलोक मुंबईचा. गुडघ्यावर बसून ड्रम वाजवतो, तबला हाताशी, शेजारी पाण्याची बादली. वाजती झांज किंवा घंटा त्या बादलीत बुडवतो आणि सूर पाण्यात वाकतो. (इथे तर अक्षरशः वाकतो!) त्या अल्बमवर डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे, एल. शंकरचं व्हायोलिन आहे, आणि या सगळ्यातून एकदम एका बाईचा आवाज येतो. ठुमरी-दादऱ्यात मुरलेला, किंचित खरखरीत. त्या त्याच्या आई, शोभा गुर्टू. बेळगावच्या, माहेरच्या भानुमती शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं होतं, मुलाच्या गलक्यात बाई हरवतील. तसं होत नाही. त्या मेहफिलीत गातात तशाच गातात, कोणाची घाई नाही. आणि आजूबाजूचे सगळे जाझवाले चक्क थांबतात. आई बोलायला लागली की घरातले थांबतात तसे.

---

पुणेरी_पाटी | सोमवार, सकाळी ८.१०

'आई बोलायला लागली की घरातले थांबतात.' कोणत्या घरात? पत्ता द्या.

---

रोखठोक | सोमवार, सकाळी ९.००

'उसफ्रेत' ऐकला. माझं पहिलं वाक्य अर्धं मागे घेतो. कोणतं अर्धं ते विचारू नका.

---

मंद्रसप्तक | बुधवार, रात्री १०.३०

उशीर झाला, कामात होतो. गेले तीन दिवस घरात या धाग्याची श्रवणभक्ती चालू आहे.

'कॉल ऑफ द व्हॅली' लेकीला "स्पामध्ये लावतात ते" वाटलं. शीळ, माफ करा. 'मा रेवा' तिने तीनदा लावलं आणि रेवाकाठींचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, नकाशावर मणिबेली शोधत बसली. कोळीगीतांवर पैज हरलो: बोटं बरोबर पडली, शिवाय बायको स्वयंपाकघरातून ओरडली की आवाज वाढव.

'उसफ्रेत' लागला तेव्हा लेक फोनवर होती. शोभाताई सुरू झाल्या तशी मान वर करून म्हणाली, "ही आजी कोण आहे? हिला कोणी घाई का नाही करत?" मग तिने तो आधीचा अभंग पुन्हा लावला, अर्ध्यात थांबवला, आणि म्हणाली की यातला गायक सारखा पळतोय असं आता वाटायला लागलंय, तुझ्यामुळे माझं गाणं बिघडलं. मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी गाडीत तेच गाणं पुन्हा लावलेलं होतं. तिला ते आवडतंच.

---

बासवाला | शुक्रवार, रात्री ११.५५

काका, तुमच्या धाग्यामुळे आमच्या बँडमध्ये भांडण झालं. म्हणून आज एक प्रयोग केला. आमच्या गायकाच्या गावचे एक पखवाजवाले आजोबा मुंबईत मुलाकडे आलेत. त्यांना तालमीच्या खोलीत आणलं. कानातलं क्लिक बंद. सगळे एकाच खोलीत, समोरासमोर, मध्ये दोन माईक. आजोबांना एवढंच सांगितलं की तुम्ही भजनात वाजवता तसं वाजवा, आम्ही मागे येतो.

पहिली दहा मिनिटं वाईट गेली. आमचा ड्रमर सवयीने पुढे पळायचा, आजोबा तिथेच बसलेले असायचे. मग त्याने बास ड्रमवरचा पाय उचलला आणि नुसत्या झांजेवर टाळासारखं धरलं. तिथून जमायला लागलं. मला माझ्या ओळीतले निम्मे स्वर टाकून द्यावे लागले, कारण पखवाजाचा डावा हात तीच जागा व्यापून बसतो. चार वर्षं त्या जागेवर मी उगाच वाजवत होतो.

नंतर मोजलं. मिनिटाला शहात्तर ठोक्यांनी सुरू झालो होतो आणि एकशे चाळीसच्या पुढे संपलो. कोणी ठरवलं नव्हतं. ड्रमर घामाघूम होऊन खुर्चीत पडला, माझ्या बोटांना फोड, गायकाचा आवाज बसलेला. आजोबांनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक पुसली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "थांबलात का? आत्ता कुठं सुरू झालं होतं."

---

वेसावकरीण | शनिवार, सकाळी ७.२०

रेकॉर्डिंग टाका!!

---

बासवाला | शनिवार, सकाळी १०.०५

टाकतो, पण मध्ये दोनदा शेजारच्यांनी दार वाजवलंय आणि ते लयीत नाही.

---

पुणेरी_पाटी | शनिवार, सकाळी १०.०७

तेवढं क्लिकवर बसवून घ्या.